मुंबईचा प्रस्ताव, म्हैसूरची जमीन

कारंजा लाड आज वाशिम जिल्ह्यात आहे. १९९८ साली नवा जिल्हा झाला, तोवर ते अकोल्यात होतं. कारंज्याची कापसाची पेठ जुनी. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात पोचवायला इंग्रजी अमदानीत मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे टाकली गेली आणि ती कारंज्यावरून नेली. हीच आपली ‘शकुंतला’. तिची मालकी सरकारकडे नव्हती, किलिक निक्सन या इंग्रजी पेढीच्या कंपनीकडे होती. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत वऱ्हाडच्या उन्हातान्हात गाडी ओढत राहिलं. इतकी वर्षं ते चालतं ठेवलं ते इथल्याच मिस्त्री-फिटरांनी. म्हणजे हात होते, अक्कल होती. अजमेरच्या रेल्वे कारखान्यात तर १८९५ सालीच संपूर्ण इंजिन तयार झालं होतं. तरीही इंजिनांची मोठी मागणी विलायतेतल्या कारखान्यांकडेच जात राहिली, कारण मागणी कोणाला द्यायची हे ठरवणारे विलायतेत बसत होते.

हे एवढं लक्षात ठेवलं की पुढची गोष्ट सोपी होते. भारतातला पहिला विमान कारखाना काढण्याचा बेत रचणारा माणूस सोलापूरचा, त्याची पेढी मुंबईत, त्याचे भागीदार मुंबईचे. मुंबई म्हणजे देशातलं पहिल्या प्रतीचं बंदर. पैसा, बँका, गिरण्या, गोद्या, कारागीर, सगळं हाताशी. कारखाना मात्र उभा राहिला समुद्रापासून दूर, बंगळुरात. असं का झालं?

(वाचकांपैकी कोणीतरी इथे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याच्या दाव्याची आठवण काढणार. त्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा मिळत नाही. शिवाय एक विमान उडवणं आणि विमानांचा कारखाना चालवणं यांत फार मोठं अंतर आहे. या प्रकरणाचा विषय दुसरा आहे.)

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचं मन रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक नावाच्या रेल्वेतल्या माणसाबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचं कंत्राट घेतलं. फाटकांना काम कळत होतं, वालचंदांना पैसा आणि माणसं जमवता येत होती. या जोडीनं पुढे पूल, बोगदे, इमारती बांधल्या. १९१९ साली नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्याबरोबर वालचंदांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. ती तारीख आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

बोट विकत घेणं सोपं गेलं, धंदा मिळवणं अवघड. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या बलाढ्य इंग्रजी कंपनीनं भाडी इतकी पाडली की नव्या कंपनीचा श्वास कोंडावा. सरकारी माल आणि टपाल तर ठरलेल्या इंग्रजी बोटींतूनच जाणार. भांडवल असून भागत नाही, बाजार दुसऱ्याच्या मुठीत असला तर उद्योग उभा राहण्याआधीच आडवा होतो, हे वालचंदांना समुद्रावर कळलं. पुढच्या प्रत्येक प्रकल्पात ते सरकारकडे एकच गोष्ट मागताना दिसतात: अनुदान राहू द्या, आमचा माल घेण्याची हमी द्या.

मोटारीच्या कारखान्याची कथा तीच. १९३० च्या दशकात अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि वालचंद यांनी तो विषय लावून धरला. मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर आशा वाढली. दिल्लीचं सरकार मात्र सैन्यासाठी इथल्या मोटारी घेण्याचं वचन देईना. १९३९ साली वालचंद मोटारीच्याच कामासाठी अमेरिकेला गेले आणि युरोपात युद्ध पेटलं. परतीचा प्रवास त्यांनी पॅसिफिक महासागरावरून केला. विमानाच्या कारखान्याची कल्पना या प्रवासात जन्मली.

पॅन अमेरिकन कंपनीची ‘क्लिपर’ विमानं पाण्यावर उतरणारी होती. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम, मनिला असे मुक्काम करत ती हाँगकाँगला पोचत. दिवसा उड्डाण, रात्री बेटावरच्या हॉटेलात मुक्काम, असे कित्येक दिवस. प्रवासी मोजकेच, आणि सगळेच श्रीमंत किंवा महत्त्वाचे. तिथे वालचंदांची गाठ विल्यम डग्लस पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानं विकायचा आणि चिनी सरकारच्या भागीदारीत तिथे जुळवायचाही. जपानी सैन्य पुढे सरकेल तसा त्याचा कारखाना मागे हटत होता: आधी हांगझोऊ, मग हांकोऊ, शेवटी ब्रह्मदेशाच्या सीमेवरचं लोइविंग. युद्धाच्या तोंडावर, परक्या मुलुखात, तुटपुंज्या साधनांत विमानं कशी जुळवायची याचा त्याच्याइतका अनुभव त्या वेळी फार थोड्यांकडे होता. वालचंदांनी त्याला विचारलं, हे हिंदुस्थानात जमेल का? तो जमेल म्हणाला. पॉली परोपकारी माणूस नव्हता, त्याला गिऱ्हाईक हवं होतं. पण वालचंदांनाही परोपकारी माणूस नकोच होता.

विमानाच्या कारखान्याला काय काय लागतं ते पाहू, म्हणजे प्रस्ताव किती धाडसाचा होता ते कळेल. त्या काळचं लढाऊ विमान म्हणजे ड्युरॅल्युमिनच्या, म्हणजे तांबं वगैरे मिसळून बळकट केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या, पातळ पत्र्यांचा सांगाडा. पत्रे कापायचे, साच्यावर वाकवायचे, हजारो रिव्हेटांनी जोडायचे. प्रत्येक भाग दुसऱ्या विमानातही तंतोतंत बसला पाहिजे, म्हणून ‘जिग’ म्हणजे भाग अचूक जागी धरून ठेवणारे भक्कम पोलादी साचे आधी बनवावे लागतात. हे जिग बनवणारे फिटर आणि टर्नर ही कारखान्याची खरी दौलत. मग इंजिन, पंखा, घड्याळं, टायर, रेडिओ. यातलं हिंदुस्थानात १९४० साली काय होत होतं? अ‍ॅल्युमिनियमसुद्धा नाही. या देशात अ‍ॅल्युमिनियम धातू गाळायला सुरुवात झाली ती १९४३ साली, केरळात. इंजिन तर फारच लांबची गोष्ट. म्हणजे पहिली काही वर्षं पेट्या अमेरिकेतून यायच्या आणि इथे जोडणी व्हायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नुसत्या जोडणीला हसणारे तेव्हाही होते, आजही असतात. मला ते हसणं पटत नाही. जोडताना माणूस शिकतो. जिथे काहीच नाही तिथे पहिली पायरी हीच असते, फक्त त्या पायरीवर बैठक मारायची नसते.

दिल्लीनं आधी प्रस्तावाकडे थंडपणे पाहिलं. इंग्लंडचा हिशेब असा की युद्धाची विमानं इंग्लंडात बनतील, फार तर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात. हिंदुस्थाननं सैनिक, ताग, कापूस आणि तंबू पुरवावेत. त्यातच अमेरिकेतली यंत्रं, म्हणजे लेथ, मिलिंग मशीन वगैरे, दुर्मीळ झालेली. त्यांतलं एकही हिंदुस्थानकडे वळू नये, असा विमाननिर्मिती खात्याचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांचा आग्रह होता. युद्धात अडकलेल्या देशाच्या मंत्र्यानं असं म्हणणं अगदीच अनाकलनीय नाही. पण दोनशे वर्षांत इथे यंत्रं का उभी राहिली नाहीत, हा प्रश्न त्या टेबलावर कोणी मांडला नाही.

मग जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. पुढचा नंबर इंग्लंडचा, असं जगाला वाटू लागलं. इंग्लंडहून येणारा माल भूमध्य समुद्रातून येईल याचा भरवसा उरला नाही. पूर्वेकडे जपान दात विचकत होता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरकारचा सूर बदलला. ऑक्टोबर १९४० मध्ये दिल्लीत पूर्वेकडच्या ब्रिटिश प्रदेशांची परिषद भरली. इंग्लंडची वाट न पाहता सुएझच्या पूर्वेला युद्धसामग्री कशी बनवायची, हा तिचा विषय. वर्षभरापूर्वी वेडगळ वाटलेला बेत आता उपयोगी ठरला. विमानं घेण्याची सरकारची तयारी दिसू लागली आणि वालचंद जागा शोधायला लागले.

मुंबई डोळ्यांसमोर होती. वालचंदांची पेढी बॅलार्ड इस्टेटमधल्या कन्स्ट्रक्शन हाऊसमध्ये, बंदराच्या अगदी कुशीत. अमेरिकेहून आलेली पेटी गोदीत उतरवून तासाभरात कारखान्यात नेता आली असती. गिरण्यांत आणि रेल्वेच्या परळ, माटुंगा कारखान्यांत तयार झालेले फिटर होते. मग अडलं कुठे?

पहिली अडचण जमिनीची. विमान कारखान्याला शेडपेक्षा धावपट्टी जास्त लागते. बनलेलं विमान तिथूनच उडवून तपासायचं असतं. मुंबई हे बेट, सपाट मोकळी जागा महाग आणि थोडी. जुहूचा विमानतळ पावसाळ्यात चिखलात बुडायचा. टाटांची टपाल विमानसेवा पावसाळ्यापुरती पुण्याला हलवावी लागत असे. दुसरी, हवा. खारट दमट वारा पातळ धातूला खातो. तिसरी अडचण १९४० साली सर्वांत मोठी होती: किनारा. शत्रूचं आरमार आलं तर पहिला मार बंदराला. हे भय पोकळ नव्हतं. वालचंदांनीच जहाजबांधणीचा कारखाना विशाखापट्टणमच्या बंदरात काढला. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी त्या गावावर बाँब टाकले. जहाजाचा कारखाना पाण्यापासून दूर नेता येत नाही. विमानाचा येतो.

चौथी अडचण कमी सांगितली जाते आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. युद्ध सुरू होताच काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते. मुंबई प्रांतात गव्हर्नरचा कारभार होता. उद्योजकाच्या शेजारी उभं राहून ‘जमीन घ्या, वीज घ्या, भागभांडवलात आमचाही वाटा धरा’ असं म्हणणारं, आपली तिजोरी आपल्या मर्जीनं उघडू शकणारं सरकार मुंबईत नव्हतंच. असं सरकार होतं ते संस्थानांत.

मराठी उद्योगाचा इतिहास चाळला तर हे नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली माळरान दिलं ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी, तिथे किर्लोस्करवाडी वसली. ओगल्यांचा काचकारखानाही औंध संस्थानातच वाढला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गिरणी काढली. ब्रिटिश मुलुखात कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा संस्थानिकाची एक भेट पुरायची. अर्थात संस्थानिक गुणी असला तर. नसला तर काय होतं याच्याही कथा कमी नाहीत.

म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल हे त्या काळच्या हिंदुस्थानातले बहुधा सर्वांत उद्योगी प्रशासक. त्यांनी बंगळूरजवळ ७०० एकर जमीन देऊ केली, स्वस्त वीज आणि पाणी देऊ केलं, आणि संस्थानाचं भांडवल घातलं. शिवसमुद्रमच्या धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होत होती. भद्रावतीला संस्थानाचा लोखंडाचा कारखाना होता. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून उभी राहिलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स गावातच होती. हवा कोरडी, उंची तीन हजार फूट, किनारा दूर. त्याच सुमारास, १९४१ साली, किर्लोस्करांनीही लेथ बनवणारा नवा कारखाना म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला काढला. महाराष्ट्रातले दोन उद्योग एकाच वेळी एकाच दाराशी गेले, हा योगायोग नव्हता.

२३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेडची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये. वालचंद अध्यक्ष, मुंबईचे तुलसीदास किलाचंद आणि धरमसी खटाव सोबतीला, तांत्रिक बाजू पॉलीकडे. डोमलूर रस्त्यावरच्या ‘इव्हनटाइड’ नावाच्या बंगल्यात कचेरी थाटली गेली. मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारनं २५ लाख रुपये घालून एक तृतीयांश वाटा घेतला. गिऱ्हाईकच भागीदार झालं. वालचंद वीस वर्षं जे मागत होते ते अखेर मिळालं, आणि त्यातच पुढच्या दुखण्याचं बीज होतं.

काम झपाट्यानं झालं. १९४१ च्या पावसाळ्यात हार्लो जातीचं शिकाऊ विमान जोडून उडवलं गेलं, कंपनीच्या नोंदणीला वर्षही झालं नव्हतं. त्याच वर्षी दहा माणसं नेणारं लाकडी ग्लायडर तयार झालं. त्याचा आराखडा इथलाच. जुलै १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान उडालं. संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण ज्यांनी आदल्या वर्षापर्यंत ड्युरॅल्युमिनचा पत्रा पाहिला नव्हता अशा पोरांनी ती जोडली होती.

या सुरुवातीच्या मंडळींत एक मराठी नाव ठळक आहे: डॉ. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर भागातला. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचं गणित त्यांनी मांडलं, आणि त्याशिवाय आज एकही पंख आखला जात नाही. घाटगे परत आले तेव्हा त्यांच्या विद्येला साजेसं काम देशात जवळपास नव्हतं. कारखाना निघाला आणि काम निर्माण झालं. १९४२ च्या अखेरीस इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची घडी घाटग्यांनी बसवली. कारखाना, विद्यापीठ आणि जाणकार माणूस एका गावात आले की गावाची प्रकृतीच बदलते. बंगळूरचं पुढचं सगळं वैभव इथून सुरू झालं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण पाया खणणाऱ्यांत हे लोक होते.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. हिंदुस्थानच आता आघाडी झालं. विमानाचा कारखाना खासगी हातात ठेवायला सरकार तयार नव्हतं. २ एप्रिल १९४२ रोजी वालचंद आणि त्यांच्या भागीदारांचे समभाग सरकारनं विकत घेतले. म्हैसूर सरकारनं आपला वाटा विकायला नकार दिला, फक्त कारभारावरचा हक्क युद्धापुरता सोडला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या हवाली झाला आणि नवी विमानं बनवणं थांबून जुन्यांची दुरुस्ती हेच मुख्य काम झालं. वालचंदांना मोबदला मिळाला. कारखाना गेला तो गेलाच.

सरकारचा निर्णय युद्धाच्या हिशेबात समजण्यासारखा आहे. पण त्याच सरकारनं वालचंदांच्या मोटारीच्या कारखान्याला म्हैसूरनं देऊ केलेला आधार आपल्या तिथल्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे प्रतिनिधीमार्फत, हाणून पाडला होता, हे विसरता येत नाही. मोटार युद्धाला निकडीची वाटली नाही आणि युद्धानंतर इंग्रजी मोटारींशी तिनं स्पर्धा केली असती. विमान निकडीचं होतं, म्हणून उभं राहू दिलं आणि मग ताब्यात घेतलं. वालचंदांनी १९४४ साली मुंबईतच प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, हे त्यांच्या चिवटपणाचं उत्तर. पुण्यात टाटांनीही युद्धकाळात सैन्याची ग्लायडर बांधण्यासाठी टाटा एअरक्राफ्ट ही कंपनी काढली होती. सरकारनं मध्येच बेत बदलला आणि तिथे ग्लायडर बनलीच नाहीत.

स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या कारखान्यानं केलेली एक करामत सांगण्याजोगी आहे. महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर बाँबफेकी विमानं मोडतोड करून टाकून दिली गेली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून विमानं निवडली, उडण्यापुरती ठाकठीक केली, आणि जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकानं ती एकेक करून बंगळूरला आणली. तिथे ती पुरती दुरुस्त झाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं हवाई दलात दाखल झाली आणि त्यांतली काही १९६८ पर्यंत उडत होती. ऑगस्ट १९५१ मध्ये घाटग्यांच्या चमूनं आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान उडालं. आराखडा आणि बांधणी दोन्ही इथली.

मग महाराष्ट्राच्या वाट्याला काय आलं? १९६२ साली सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला. नोव्हेंबरात, चीनच्या युद्धाच्या धामधुमीत, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. मिगचं काम तिघांत वाटलं गेलं: सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. ओझरही किनाऱ्यापासून आत, घाटाच्या वर, कोरड्या हवेत. यशवंतरावांमुळे ओझर आलं हे नाशिककर अभिमानानं सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण ओझर टिकलं ते हवाई दल एकामागून एक शेकडो विमानं घेत राहिलं म्हणून: आधी मिग, नंतर सुखोई-३०.

२०२२ साली सी-२९५ या मालवाहू विमानाचा टाटा-एअरबस प्रकल्प वडोदऱ्याला जाणार असं जाहीर झालं, तेव्हा तो नागपूरच्या मिहानमधून पळवला गेला की नाही यावर आपल्याकडे रणकंदन झालं. विदर्भातल्या माणसाला त्याचं दुःख वाटणं स्वाभाविक आहे. वाशिमच्या इंजिनियर पोराला पुण्या-बंगळूरऐवजी नागपूर गाठता आलं असतं. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र बाजूला पडली. प्रकल्प उभा राहू शकला तो भारत सरकारनं ५६ विमानांची मागणी सप्टेंबर २०२१ मध्येच करारानं पक्की केली होती म्हणून. जागेचा वाद त्यानंतरचा.

ओझरच्या ताज्या घडामोडीतही क्रम हाच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये वायुदलासाठी ८३ तेजस विमानांचा करार झाला, त्यांतली बहुतेक मार्क-१ए. एकट्या बंगळूरच्या कारखान्याला हे काम वेळेत पेलणार नाही, म्हणून ओझरला नवी उत्पादनशाखा उभारली गेली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए नाशिकच्या आकाशात उडालं.